लाजाळू मधे

"अजून गुठळ्याच?" प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरा गाळ होता. "शुक्रवारपर्यंत पाणी स्वच्छ दिसलं नाही तर हे काम बंद. आणि रडायचं नाही."

"रडत नाहीये, बाई."

"मग नाक पूस."

माझं काम सांगायला सोपं आहे. पाण्यात विरघळणारी रेणूंची एक लांब साखळी घ्यायची आणि तिला बाजूने तेलकट शेपट्या लावायच्या. शेपट्यांना पाणी नकोसं असतं. त्या आत दडतात, साखळी त्यांना बाहेरून वेढते, आणि आपोआप इवले गोळे तयार होतात. त्यांच्या पोटात औषध भरता येतं. निदान तसं ठरलं होतं. माझे गोळे मात्र एकमेकांना चिकटून तळाला बसत. शेपट्या कमी पडत असतील, म्हणून मी दर खेपेला त्या वाढवत होते.

बाबांना हे एकदा समजावलं होतं. त्यांनी चाळीस वर्षं शाळांचे आणि लग्नांचे ग्रुप फोटो काढले. "म्हणजे लाजाळू माणसं मधे," ते म्हणाले. "यात नवीन काय? तुला मी कायम मधेच उभं केलं."

त्यांना जाऊन दोन महिने झाले. त्या रविवारी दादा आणि मी त्यांचा स्टुडिओ आवरायला बसलो. एक फोटो हातात घेऊन दादा हसतच सुटला. फोटोत अकरा माणसं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे लपू पाहणारा. चेहरा एकाचाही धड नाही, नुसता ढीग. मागे बाबांचं अक्षर होतं: 'सगळेच लाजाळू. बाहेर उभं कोण राहणार? पुढच्या वेळी असे दोघे-तिघेच, बाकी धीट.'

मी ते दोनदा वाचलं.

"दादा, मी मूर्ख आहे."

"ते माहीत आहे. नवीन काय ते सांग."

दर तीन कड्यांमागे एक शेपटी होती, ती मी दर बारा कड्यांमागे एक केली. नवी साखळी हाती यायला गुरुवार उजाडला. शुक्रवारी बाईंसमोर बाटली ठेवली.

"नळाचं पाणी भरून आणलंस की काय?"

मी बाटलीत लेझरचा किरण सोडला. साध्या पाण्यात तो दिसत नाही. इथे आरपार लाल रेघ उमटली. गोळे होते, आणि तरंगत होते. बाईंनी बाटली फिरवून रेघ पुन्हा पाहिली. "काम चालू ठेव," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी दादा मला न्यायला आला, गळ्यात बाबांचा कॅमेरा. "चला, सगळे उभे राहा!" तो प्रयोगशाळेतल्या मंडळींना म्हणाला.

"मला नको, माझा फोटो कधी चांगला येत नाही," म्हणत बाई कपाटाआड सरकल्या. मी त्यांना धरून मधोमध उभं केलं आणि स्वतः कडेला गेले.

"अगं, आत ये," दादा ओरडला. "तुझा हात कापला जातोय!"

"जाऊ दे. काढ तू."