दुपट्याचं चौथं टोक

सोमवारी सकाळी सहा चाळीसला दुसऱ्या पिशवीची चेन लागली. पहिली पिशवी निळी, पाळणाघराची. दुसरी करडी, प्रवासाची. दोन्ही दारापाशी उभ्या होत्या आणि दोन्हींवर चिकटपट्टी लावून यादी लिहिली होती: मेणकापड एक, चादरी दोन, पांघरूण एक, दुपटं एक. खाली तारीख आणि बांधणाऱ्याची सही.

सही बाळाच्या बापाची. तो इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करून त्यांचे सेट बांधतो. चौदा वर्षं हेच काम. प्रत्येक सेट स्वतःपुरता पूर्ण हवा, एकातली कात्री दुसऱ्याला उसनी द्यायची नाही, हा त्या खात्याचा पहिला नियम.

"सही कशाला?" त्याच्या धाकट्या बहिणीने विचारलं. वहिनीला आणि बाळाला सोडायला ती गाडी घेऊन आली होती. "पोरगी तक्रार करणार आहे का, कुणी बांधलं म्हणून?"

"सवय आहे."

"वहिनी, लक्ष ठेव हं. घाईघाईत दादा गोटीलाही पाकिटात घालून सील करेल."

गोटी सात महिन्यांची. आईच्या कडेवरून वाकून ती निळ्या पिशवीवरची पट्टी सोलायला बघत होती.

गोटीची आई गोदीत क्रेन चालवते. तिच्या परवान्याची मुदत शुक्रवारी संपते. बाळंतपणात एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नाही. फेरपरीक्षा मंगळवारी सकाळी नऊला, पाच तासांवरच्या शहरात. बस दुपारी अडीचची.

गोटी पाळणाघरात राहिली तर आई एकटी जाणार होती. नाही राहिली तर आत्या दोघींना गाडीने नेणार आणि परीक्षा होईपर्यंत बाळ बाहेर सांभाळणार. पण गोटीला गाडी लागते. मागच्या खेपेला दोन तासांच्या रस्त्याला साडेचार तास लागले होते. त्यानंतर रात्र जागून चाळीस मीटर उंचीवरच्या खुर्चीत बसायचं आणि खालच्या माणसाच्या हाताच्या खुणा चुकवायच्या नाहीत. आत्याची रजाही पक्की नव्हती. तिने साहेबांना दोनपर्यंत कळवायचं होतं.

पाळणाघरातल्या बाईंचा नियम साधा होता. जे बाळ पहिल्या दिवशी दुपारी झोपत नाही, त्याला आठवडाभर अर्धाच दिवस ठेवायचं. बापाची पाळी संध्याकाळी सहापर्यंत, तेव्हा अर्धा दिवस कामाचा नव्हता.

साडेआठला बाईंनी निळी पिशवी घेतली आणि यादी वाचली.

"इतकं व्यवस्थित कुणी आणत नाही. मिस्टर कुठे असतात कामाला?"

"इस्पितळात."

"तरीच."

गोटी रडली नाही. उलट आईच बाहेर येऊन चपला घालताना दोनदा चुकली. आत्या ऑफिसला गेली. करडी पिशवी तिच्या गाडीच्या डिकीतच राहिली. आई घरी आली, स्वतःची बॅग भरली, परत रिकामी केली, परत भरली. परवान्याची प्रत बाहेरच्या कप्प्यातून आतल्या कप्प्यात गेली आणि पुन्हा बाहेर आली.

अकरा पंचेचाळीसला फोन वाजला.

"ताई, घाबरण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या. "दूध प्यायली. पण झोपत नाही. दुपटं हातात घेते, एकेक टोक चाचपते आणि टाकून देते. मग पुन्हा घेते."

"एका टोकाला गाठ आहे बघा. तिला ती लागते."

बाईंनी बघितलं. "गाठ नाहीये कुठे. चारही टोकं मऊ आहेत. आणि हे दुपटं जरा लहान वाटतं हो. अर्धं असल्यासारखं."

ते दुपटं आईच्या जुन्या सुती चादरीचं. पोटुशी असताना तिने फाटलेलं टोक जाड दोऱ्याने ओबडधोबड शिवलं होतं आणि शेवटी वाटाण्याएवढी गाठ मारली होती. गोटी अंगठ्याने ती गाठ चोळत झोपायची. रोज.

इस्पितळात त्या खात्यात मोबाइल नेता येत नाही. आईने भिंतीवरच्या फोनचा नंबर लावला. बाप यायला चार मिनिटं लागली.

"दुपटं कापलंस?"

"हो. शनिवारी. कडा शिवून घेतल्या की. कळणारसुद्धा नाही."

"का पण?"

"पिशव्या दोन, दुपटं एक. आणि दोन्ही याद्यांत 'दुपटं एक' हे तूच लिहून दिलंस."

"अरे, ते एकच होतं. ती जाईल तिथे ते जाणार."

"आणि ऐनवेळी कुणी विसरलं असतं तर? सेट अर्धवट ठेवून चालत नाही गं." मागे कुठलं तरी यंत्र वाफ सोडत होतं.

"बरं. गाठीचा भाग कुठल्या पिशवीत आहे?"

"कुठली गाठ?"

गोटीला झोपवायची आई. तो घरी पोचायचा तोवर ती झोपलेली असायची.

"तिच्या टोकाची. जाड दोऱ्याची."

"सुटे धागे मी सगळे कापले," तो म्हणाला. "गाठ कापली का, ते आता नक्की सांगता येत नाही. खोटं कशाला सांगू."

आईने फोन ठेवला आणि नणंदेला लावला. ऑफिसपासून पाळणाघर वीस मिनिटांवर. वाटेत तिने आईला बॅगेसकट गाडीत घेतलं. रस्ता खोदलेला असल्यामुळे चाळीस लागली. एक वाजायला दहा मिनिटं असताना दोघी पाळणाघरासमोर गाडीत बसून करडी पिशवी उघडत होत्या.

प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, प्रत्येकाचं तोंड चिकटवलेलं.

"हा माणूस घरात पोळ्या तरी सुट्या ठेवतो का?" आत्या दाताने पाकीट फाडत म्हणाली.

"नणंदबाई, ते चादरीचं आहे. दुपट्याचं खाली."

दुपटं निघालं. आईने न बघता बोटांनी टोकं तपासली. पहिलं मऊ. दुसरं मऊ. तिसऱ्याला गाठ होती. मात्र गाठीतून लोंबणारी दोन दोऱ्यांची शेंडी उरली नव्हती. झोप लागता लागता गोटी ती बोटाभोवती गुंडाळायची.

बारा ते दोन पाळणाघराचं दार बंद असतं. बाकीची मुलं झोपलेली असतात. बाईंनी खिडकीतून हात काढला, गाठीचं दुपटं घेतलं आणि दुसरं परत दिलं.

"पाळण्यात एकच. दोन आम्ही ठेवत नाही."

"मी दिसले तर ती..."

"दिसू नका. गाडीत बसा."

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. आई गाडीत बसली, उतरली, मागचं दार उघडून बॅग बघितली, परत बसली. मांडीवर गाठ नसलेलं अर्धं दुपटं होतं. नवऱ्याने कड खरोखरच छान शिवली होती. टाका शोधावा लागत होता.

"रागावलीस दादावर?" आत्याने विचारलं.

"नाही. त्याला माहीतच नव्हतं."

"तेच तर म्हणतेय."

आईने मांडीवरच्या दुपट्याची घडी घातली.

दीडला इस्पितळातून फोन आला. भिंतीवरच्याच फोनवरून.

"सापडली का गाठ?"

"सापडली. शेंडी कापलीस तू."

"शेंडीचं काय?"

"ते घरी आल्यावर सांगते," असं म्हणून ती थांबली. आपण आज घरी येणार नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. "बुधवारी सांगते. ठेव आता."

पावणेदोनला आत्याने साहेबांचा नंबर काढून ठेवला. बसस्थानक तिथून पंधरा मिनिटांवर. खिडकीचा पडदा एकदा हलला. ते पंख्यामुळे होतं.

एक अठ्ठावन्नला बाईंचा मेसेज आला. आईने तो मोठ्याने वाचला.

"गाठ सापडली तिला. अंगठा गाठीवर आहे. दुसऱ्या हाताने अजून काहीतरी शोधते आहे. रडत नाही. डोळे उघडे."

"मग साहेबांना काय सांगू?" आत्याने विचारलं.

आईने पुन्हा वाचलं. मेसेजखाली बाई काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं.