मशीन, मटेरियल, ऑपरेटर

+१.००

अट बाबांनीच घातली.

"मशीन टाइट निघालं तर डॉक्टरकडे येतो. ढिलं निघालं तर विषय बंद. तुझा आणि तुझ्या आईचा, दोघांचा."

विषय म्हणजे: मागच्या मंगळवारी बाबा करोल बागला नट आणायला गेले. गेले बरोबर. येताना मेट्रोतून जनकपुरीला, घराच्या स्टेशनवर, उतरलेच नाहीत. शेवटच्या स्टेशनवरच्या गार्डनं आईला फोन लावला.

बाल्कनी. त्यांनी स्वतः जोडलेलं, शिलाई मशीनएवढं सीएनसी, लॅपटॉपवरून चालणारं धातू कापायचं मशीन. शेजारी डब्यात अकरा पितळी चकत्या, अकराही वाया. मधलं भोक गोल नाही. चार जागी कंगोरा.

"बॅकलॅश," बाबा म्हणाले. "दुसरं काय?"

दिशा बदलली की स्क्रू फिरतो, पण मशीनचं टेबल क्षणभर जागचं हलत नाही. स्क्रू आणि नटमधली मोकळी जागा. ती मोजायची.

वहीत, त्यांच्या अक्षरात:

जून. ०.०३
ऑगस्ट. ०.१२. नट बदलला.
सप्टेंबर. ०.०९. नट परत बदलला. स्प्रिंग घातली.
ऑक्टोबर. ०.३१
ऑक्टोबर. ०.३१ (हे आधी लिहिलंय का?)

०.००

"हो बाजूला, कॉर्पोरेटवाले. आधी मी."

पद्धत त्यांनीच मला शाळेत असताना शिकवलेली. टेबल एक मिलिमीटर पुढे. टेबलाला टेकवलेलं डायल शून्यावर. मग एक मिलिमीटर मागे. डायलवर जेवढं कमी भरेल, तेवढी ढिलाई.

त्यांनी टेबल पुढे नेलं.

"चहा ठेवू का?" आई आतून.

"विचारतेस काय, ठेव!"

त्यांनी टेबल मागे आणलं. "०.३१. बघ."

"बाबा, शून्य?"

"लावलं ना."

"नाही लावलं."

"यार, तुझ्यासमोर लावलं, अंशू!"

आई दारात येऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

−१.००

मानेसरच्या कारखान्यात बाबांची तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये गेली. बिघडलेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावर यायचा, आणि ते फॉर्मवर कारणापुढे खूण करायचे. मशीन, मटेरियल, ऑपरेटर. तीनच चौकोन.

मी लॅपटॉप बघितला. सॉफ्टवेअरमध्ये बाबांनी ढिलाईची भरपाई म्हणून ०.३१ टाकलेलं. नसलेली ढिलाई मशीन इमानानं भरून काढत होतं. कंगोरे त्याचे.

ते काढलं. पुढे. शून्य. मागे.

०.९८.

"किती?"

तोंडाशी ०.३१ आलं होतं. म्हणालो असतो तर चहा पिऊन गुडगावला परत गेलो असतो.

"किती रे?"

"०.०२."

"तीनदा घ्यायचं. तुमच्या ऑफिसात एकदाच पुरत असेल."

०.०२.

तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः वाचलं. चष्मा कपाळावर, नाक डायलला टेकलेलं. शून्य मी लावलं होतं.

०.०२.

खाली कबाडीवाला ओरडत गेला. धुरक्यात तो दिसत नव्हता.

"पितळ हलकं असेल," मी म्हणालो. "आजकाल बिल्कुल भरवसा नाही, बाबा. मटेरियल—"

"मटेरियल मी पारखून आणलंय."

वही ओढली. पट्टी लावून तीन चौकोन काढले, सरळ, एकसारखे. पहिल्यापुढे मशीन, दुसऱ्यापुढे मटेरियल. तिसऱ्यात खूण केली आणि मग पुढे लिहिलं, ऑपरेटर.

खाली दोन सह्या लागतात: काम करणारा आणि तपासणारा. दोन्ही जागी त्यांनी सही केली. हात जराही हलला नाही.

तारखेपाशी पेन थांबलं.

"आज किती रे?"

"चौदा."

चौदा लिहिलं. पेन उचललं नाही.

"आणि महिना?"

 आईनं चहा खाली ठेवला.

"नोव्हेंबर, अहो," ती म्हणाली. "नोव्हेंबर."