काचेमागची बाई

लग्न होऊन जाईबाई कराडात आली, तेव्हा तिच्या आधीच एक बाई तिथं येऊन बसलेली होती. निदान जाईबाईला तरी तसंच वाटायचं. राजारामच्या फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेमागं सोनेरी चौकटीत तिचा फोटो होता. पंचविशीची, सावळी, पदर कानामागं सरकलेला, ओठ किंचित उघडे. आत्ता काहीतरी सांगेल अशी. बाजारादिवशी आलेली माणसं सायकल थांबवून बघत राहायची.

"कोन रं ही? राजारामची बायकू?"

"न्हाई गड्या. बायकू ती आत हाय, दिवा धरून उभी."

दिवा धरून उभ्या असलेल्या जाईबाईला ते स्पष्ट ऐकू यायचं.

"कोन हाय ती?" तिनं एकदा नवऱ्याला विचारलं.

"गिऱ्हाईक हुतं. हितंच बसवून काढलाय," राजाराम म्हणाला आणि रोल गुंडाळायला लागला.

त्यानं जाईबाईचाही फोटो काढला होता. हिरवा शालू, नथ, मागं रंगवलेल्या कमानी. धुऊन हातात आला तर बांधावरच्या दगडाला नथ घातल्यागत दिसत होती. "तू लय आखडतीस," राजाराम म्हणाला.  जाईबाईच्या मनात आलं, ती नसंल आखडली तुमच्यापुढं.

आलेल्या बायकांना राजारामसमोर बसायचा संकोच वाटायचा. पदर सारखा करायला, मान वळवायला जाईबाईच लागे. सातवी शिकलेली, हाताची चलाख. हळूहळू राजाराम तिला कामच शिकवायला लागला. पाचगणीच्या एका शाळेच्या रद्दीतून त्यानं इंग्रजी मासिकांचा गठ्ठा आणला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो त्यातली गाजलेली चित्रं उघडून बसायचा.

एका पानावर परदेशातली एक बाई होती. दुष्काळात घरदार सोडून निघालेली. दोन पोरं तिच्या खांद्यांत तोंड खुपसून बसलेली आणि तिचा हात गालाशी.

"उजेड कुठनं आलाय बघ," राजाराम म्हणाला.

जाईबाई उजेड बघतच नव्हती. दोन वर्षांमागच्या दुष्काळात तिच्या माहेरच्या बाया रोजगार हमीवर खडी फोडत होत्या. सुट्टी झाली की त्या अशाच बसायच्या, कुठंतरी लांब बघत. "तिला पोरांचं तोंड दाखवायचं न्हाई," ती म्हणाली. "म्हणून आपल्याला तिचंच तोंड दिसतं." राजारामनं तिच्याकडं जरा चमकून पाहिलं आणि पान उलटलं.

दुसऱ्या चित्रात चंद्रावर उभा राहिलेला माणूस होता.

"आन ह्याचा फोटू कुनी काढला?"

"त्याच्या टोपाच्या काचंत बघ. हितं, बारका दिसतोय तो दुसरा." राजाराम खुशीत आला होता. "चकाकत्या जिनसंत फोटू काढनारा घावतो. मानसाच्या डोळ्यातबी. आपल्याकडं दोन दिवं, म्हणून आपल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यात दोन ठिपकं. कुठलाबी फोटू काढून बघ."

दुसऱ्या दिवशी तो मलकापुरात एका लग्नाला गेला, तशी जाईबाईनं भिंग घेतलं आणि थेट सोनेरी चौकट गाठली. फोटोतल्या बाईच्या डोळ्यात दोन ठिपके नव्हते. उघडं दार होतं. चौकट, उंबरा, बाहेरचं ऊन.

म्हणजे फोटो इथं काढलेला नव्हता. राजाराम त्या बाईच्या घरी गेला होता. आणि ती तिथं अशी बसली होती, पदर सरकलेला, ओठ उघडे.

जाईबाईच्या अंगाची लाही लाही झाली. त्या दिवसापासून तिला ती बाई सगळीकडं दिसायला लागली. राजाराम पाणी पिताना थांबला, की वाटायचं तिची आठवण आली असणार. तो सांगलीला कागद-रसायनं आणायला गेला, की वाटायचं तिच्याकडंच गेला असणार. चौकटीची काच ती कोपऱ्यात पुसायची आणि चेहऱ्यावरची धूळ तशीच ठेवायची. उन्हानं फोटो विटतो, हे राजारामनंच शिकवलं होतं. तो जेवून लवंडला, की ती दर्शनी काचेवरचा पडदा गुपचूप गुंडाळून ठेवायची. ऊन त्या सावळ्या गालावर चढताना बघत बसायची. त्यात तिला असं काही सुख मिळायचं, की स्वतःचीच भीती वाटायची.

महिनाभरानं राजारामच्या ध्यानात आलं. एक गाल पिवळा पडला होता.

"पडदा कुनी काढला?" त्यानं चौकट उचलून आत आणली. "अगं, ह्या फोटूवर दुकान चालतंय आपलं!"

"चालू द्या की! तिच्या घरी कवा गेला हुता, ते सांगा आधी. डोळ्यात दार हाय तिच्या. तुमीच शिकवलंय मला."

राजाराम भिंग घेऊन पिवळा गाल तपासायला लागला. ते बघून जाईबाई आणखी पेटली. तिनं भिंग हिसकलं, चौकट दारात उजेडाला धरली आणि पुन्हा पाहिलं. दारात कुणीतरी उभं होतं, काळी सावली तेवढी. हाच असणार, म्हणून ती आणखी वाकली. सावली ठेंगणी होती. डोक्यावर पदर होता.

"ही बाई हाय," ती म्हणाली. आवाज एकदम उतरला. "फोटू बाईनं काढलाय."

राजारामनं चौकट तिच्या हातातून काढून घेतली. "साळूबाईनं. सांगलीत ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांची लेक. दुकान नवं हुतं. दर्शनी काय लावनार हुतो?"

जाईबाईला वाटलं होतं, आता मन हलकं होईल. झालं उलटंच. फोटोतल्या बाईचं दिसणं देवानं दिलेलं. त्यावर कुणाचा काय इलाज? पण बघणारी साळूबाई तिच्यासारखीच बाई होती, पदर घेणारी. तिला हे जमलं होतं. ह्या जळण्याला तर बूडच नव्हतं.

चार दिवसांनी ती एसटीनं सांगलीला गेली. मावशीला भेटायचं म्हणून सांगितलं.

विचारत विचारत स्टुडिओ गाठला. साळूबाई चाळिशीची, तोंडात पान, हाताला रसायनांचे डाग. कराडचं नाव ऐकून हसली. "अजून लावलाय व्हय तो फोटू? राजाराम जाताना घिऊन गेला गप. मी बी मागितला न्हाई. लय कष्टाळू हुता, पर मी काढलेला फोटू बघितला की जेवायचा न्हाई धड."

"तुमी काढलात कसा तो?" जाईबाईनं विचारलं.

"बड्या घरची सून ती. बाप्या मानसापुढं बसायची न्हाई, म्हणून मी घरी गेले. लय येळ आखडून बसली हुती. मग मी कॅमेऱ्यामागनं उठून दारात उभी ऱ्हायले, लांब तारंचं बटन हातात धरून, आन म्हनलं, 'बाई, तुमी कशा हायसा?' तिला त्या घरात कुनी विचारलंच नव्हतं कधी. ती सांगनार, तेवढ्यात मी बटन दाबलं."

"मग काय सांगितलं तिनं?"

"ते फोटूत न्हाई," साळूबाई म्हणाली, "म्हणून मी सांगत न्हाई."

जाईबाई तिच्यापाशी दोन दिवस राहिली. शिकली, आणि सगळा वेळ मनात जळत राहिली. साळूबाईला ते कळत असावं. निघताना तिनं लांब तारेचं एक जुनं बटण तिच्या पिशवीत टाकलं.

पावसाळा सरल्यावर कृष्णाकाठच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथल्या धोंडुबाईचा नवरा फौजेत, जम्मूकडं. त्याला फोटो पाठवायचा होता, पण सासू म्हणाली होती, फोटोवाला घरात नको. जाईबाई गेली. चूल, उतरंड, दारातून आलेला उजेड. धोंडुबाई पाटावर काठीसारखी ताठ बसली. जाईबाईनं साळूबाईचा प्रश्न विचारला नाही. तो उसना वाटला. तिनं विचारलं, "त्ये पत्रात काय लिवत न्हाईत, जे तुमाला वाचायचं असतं?" धोंडुबाई आधी लाजली, मग तिच्या डोळ्यात काहीतरी भरून आलं.

रात्री काळोख्या खोलीत राजाराम कागद रसायनात हलवत होता. लाल उजेडात धोंडुबाईचा चेहरा हळूहळू वर आला. दोघंही बघत राहिली. राजाराम गरजेपेक्षा जास्त वेळ तो कागद धूत राहिला.

"गालावर उजेड जरा जास्त झालाय," तो शेवटी म्हणाला.

तो स्वर जाईबाईनं ताबडतोब ओळखला. महिनाभर काच पुसताना ती तसंच काहीतरी पुटपुटत होती. तिला राग आला नाही. दयाही फारशी आली नाही. "व्हय, जरा जास्तच झालाय," ती म्हणाली, कारण ते खरंच होतं.

धोंडुबाईच्या शेजारणीनं बोलावलं, मग तिच्या भावजयीनं. वर्षभरात काठावरच्या गावांतून जाईबाईला निरोप यायला लागले. राजाराम कॅमेऱ्याचा स्टँड सायकलला बांधून गावापर्यंत सोबत यायचा आणि कुठल्या तरी पारावर बिडी ओढत बसायचा.  परतीच्या वाटेवर उसाच्या रानांमधून जाताना एकदम विचारायचा, "आज काय इचारलंस तिला?"

जाईबाई कधी सांगायची, कधी नाही.