मर्लने न सांगितलेली जागा

यंत्रावरची बाकीची बटणं झिजून गुळगुळीत झाली होती, त्यांवरची अक्षरं मर्लच्या अंगठ्यानं केव्हाच पुसून टाकली होती, पण खालच्या कोपऱ्यातलं एक बटण अजून दुकानातून आणल्यासारखं कोरं होतं — जागा नोंदवून ठेवायचं. चौदा वर्षं हे नकाशाचं यंत्र बोटीच्या सुकाणूशेजारी होतं आणि चौदा वर्षांत त्यानं ते एकदाही दाबलं नव्हतं. पडद्यावर न्यूस नदीचं रुंद मुख होतं, दोन्ही काठ होते, खोलीचे आकडे होते... आणि खूण म्हणून एकही नव्हती. रोवेना ते बटण बघत उभी राहिली.

"निघायचं ना, मिस रोवेना? की मासेच इथे धक्क्यावर येणार आहेत?"

डॉक प्रिचर्ड जावयाचा हात धरून बोटीत उतरत होते. रॅले शहरातले दातांचे डॉक्टर, आता अठ्ठ्याहत्तरीचे. गेली एकवीस वर्षं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते मर्लबरोबर इथे यायचे, दुपारी टार्पन मासे आणि संध्याकाळी मोठे तांबडे ड्रम मासे धरायला. फेब्रुवारीत मर्ल गेला. मे महिन्यात रोवेनानं त्यांना विचारलं होतं, तुमची तारीख ठेवू की सोडून देऊ? ते म्हणाले होते, ठेवा. या वेळी त्यांनी जावयालाही आणलं होतं. टॉड नाव त्याचं, चांगला हसतमुख, हातातला फोन मात्र खाली न ठेवणारा.

बोट तिला नवी नव्हती. खेकडे पकडणाऱ्याची मुलगी ती. गिऱ्हाइकं घेऊन लहान माशांवर जायचं काम तिनं स्वतःच्या बोटीतून बारा वर्षं केलं होतं. पण ऑगस्टच्या संध्याकाळचे ते ड्रम, तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांचे, ज्यांना इथे नुसतं 'म्हातारे' म्हणतात, ते मर्लचे होते आणि ते जिथे सापडत ती जागाही मर्लची. त्या जागेबद्दल त्यानं कधी ताकास तूर लागू दिली नाही. ती बोटीत असली की तो भलतीकडेच नांगर टाकायचा. एकतीस वर्षं एका पांघरुणात झोपलो, मूळव्याधीपासून बापाशी झालेल्या मारामारीपर्यंत सगळं सांगितलं यानं मला, आणि पाण्यातला एक खड्डा नाही सांगितला... अकरा आठवडे आजारी होता, तेव्हाही नाही. ती सहा महिने त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होती — भांडी घासताना, त्याचे शर्ट चर्चला द्यायला घडी करताना — आणि भांडण नेहमी एकाच वाक्यावर येऊन अडायचं: मी कोण होते तुझी?

आज तिला ती जागा हवी होती. मर्ल सॉल्टरच्या बोटीला म्हातारे मिळेनासे झाले, ही बातमी धक्क्यावर पसरायला एक संध्याकाळ पुरे, आणि मग ऑगस्टची गिऱ्हाइकं गेलीच. ते खरंच होतं. पण खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांचं एवढं नव्हतं. त्यानं जे झाकून ठेवलं होतं ते तिला एकदा बघायचं होतं.

चारच्या सुमाराला टार्पन दिसले. तेलकट, सपाट पाण्यात चांदीच्या पाठी वर यायच्या, हवा घ्यायच्या आणि सावकाश बुडायच्या. तिनं बोय माशाचे तुकडे गळांना लावले, चार काठ्या मांडल्या. अर्ध्या तासानं एक काठी वाकली आणि माणसाएवढा मासा पाण्याबाहेर सरळ उभा राहिला.

"वाक, वाक," डॉक ओरडले. "तो उडाला की आपण वाकायचं, दोरी सैल सोडायची. लग्नात वाकला होतास ना माझ्यापुढे, तसा."

टॉड हसला, वाकला नाही, दोरी ताणून धरून उभा राहिला. दुसऱ्या उडीला ती तुटली.

"तुमच्यापुढे वाकलो ते पुरे झालं की," टॉड म्हणाला. डॉक हसले, रोवेनाही हसली, आणि हसताना तिला वाटलं, मर्ल असता तर तोही आत्ता हसला असता... ते एवढं अचानक आलं, की दोरी गुंडाळायच्या निमित्तानं तिला पाठ फिरवावी लागली.

ऊन कललं तशी ती दक्षिण काठाकडे गेली. नकाशावर खोली एकदम बदलत होती अशी एक कड तिनं हेरून ठेवली होती. मर्लनं हीच निवडली असणार, असं सहा महिन्यांत तिनं स्वतःला पटवलं होतं. नांगर पडला, गळ पडले. पाऊण तास गेला. डॉकनी खारे दाणे कोकच्या बाटलीत ओतले, एक घोट घेतला, दाणे सावकाश चावले.

"मिस रोवेना, एक बोलू? राग नका मानू."

"बोला की."

"मर्ल इथे कधी थांबत नसे."

तिनं दोरीवरचा हात काढला नाही. "मग कुठे?"

"म्हणजे..." डॉक तिच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला ठाऊक नाही?"

"होतं ठाऊक. डोक्यातून गेलं."

म्हाताऱ्यानं लगेच बाटलीत डोळे घातले. "होतं असं. माझं तर नातवाचं नावसुद्धा जातं." मग त्यांनी हात लांब केला. पाण्याची टाकी आणि तो जळका पाइन एका रेषेत घ्यायचे, आणि बदकं मारायची झोपडी उजव्या खांद्यावर येईपर्यंत जायचं. "मला आईची शपथ घालून सांगितलं होतं त्यानं. म्हणाला, डॉक, मी नसलो तर एखाद्याला तरी ठाऊक असावं. जुनी जागा कुणीतरी बाहेर फोडली होती ना, त्यानंतर दोन उन्हाळे शोधत होता हा. कुणी फोडली ते मात्र कधी बोलला नाही."

एखाद्याला तरी... त्या एखाद्यात मी नव्हते. वर्षातून एकदा येणारा दातांचा डॉक्टर होता. तिनं नांगर ओढला, हात जळत होते, आणि टाकी व पाइन एकमेकांमागे येईपर्यंत तिनं बोट हाकली.

तिथे काहीच नव्हतं. तसंच मातकट पाणी, तसंच आभाळ. पण पहिली काठी दहा मिनिटांत वाकली. टॉड वीस मिनिटं झगडला, आणि मग बोटीच्या कडेला तो आला — तांब्याच्या हंड्याच्या रंगाचा, शेपटीपाशी काळा ठिपका, जवळजवळ चार फूट. असे मोठे ठेवायचे नसतात, पाण्यातच सोडायचे. गळ काढून रोवेना गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी तिनं त्याला पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून, दम येईपर्यंत. त्याच्या पोटातून ढब्... ढब्... असा आवाज निघत होता, तो कानांपेक्षा मनगटांना जास्त कळत होता. मर्लनं हे किती वेळा धरलं असेल. क्षणभर तिचा राग कुठल्या कुठे गेला, ती फक्त मर्लच्या बाजूला बसली होती. मग शेपटीनं एक हिसका दिला आणि हात रिकामे झाले.

ती उठली तेव्हा टॉड अंगठ्यांनी फोनवर काहीतरी करत होता.

"फोटो का?"

"फोटो, आणि ही जागा. नकाशावरची खूण." तो अजून धापा टाकत होता, आनंदात होता. "फक्त माझ्या भावाला पाठवली. तो कुणाला नाही सांगणार."

"अरे गाढवा," डॉक उभे राहिले. "काय केलंस?"

फक्त माझ्या भावाला.

"जाऊ द्या, डॉक," रोवेना म्हणाली. "काही बिघडलं नाही."

चर्चच्या अंगणातलं जेवण, मोठ्या कढईत मासे तळले जात होते, आणि माझा भाऊ लाईल, नुकतीच नोकरी सुटलेला, खांदे पाडून बसलेला... फक्त तुला सांगते हं ही जागा, मर्लला कळू देऊ नकोस. त्याचा चेहरा एकदम उजळला होता. आई म्हणायचीच, या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. पुढच्या शनिवारी मर्लनं तेव्हा मला दाखवलेल्या त्या जुन्या जागेवर अकरा बोटी होत्या. एकोणीस वर्षं झाली. मर्ल घरी आला, बोट धुतली, जेवायला बसला. 'आज जरा गर्दी होती,' म्हणाला. मी त्याला मक्याचं कणीस वाढलं आणि म्हटलं, 'हो का?' आणि तो जेवला. एवढंच. कसा हा शांत माणूस, असं मी सगळ्यांना सांगायची. आणि माझं मी ते इतकं व्यवस्थित विसरले, की सहा महिने त्याच्याशी भांडताना ते एकदाही आड आलं नाही.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिनं विचारलंच होतं. कुठंय रे ती जागा? तो खूप वेळ तिच्याकडे बघत राहिला होता, वाट बघावी तसा, आणि मग ओठ उघडले होते. तिला वाटलं घसा कोरडा पडलाय. तिनं बर्फाचा खडा घातला तोंडात. त्यानं तो चोखला आणि मान खिडकीकडे वळवली... जागा सांगणार होता? की एकोणीस वर्षांत मी जे बोलले नाही ते मी आता तरी बोलेन, म्हणून थांबला होता?

टॉड हळू आवाजात माफी मागत होता. ठीक आहे, ठीक आहे, ती म्हणत होती, तिचा आवाज अगदी मऊ होता, आणि तिला स्वच्छ कळत होतं, की आत या पोराला माफ केल्याची काही खूण नव्हती. त्याचा फोन, त्याचं हसू, सगळं उचलून पाण्यात फेकावंसं वाटत होतं. असा असतो तर हा मर्लचा शांत आवाज. हा असा आतून असतो.

"तुम्ही अगदी मर्लसारख्या," डॉक थकून खाली बसले. "तोही मनात काही ठेवत नसे."

"नाही ठेवत," ती म्हणाली आणि बोट घराकडे वळवली. एकोणीस वर्षांची जेवणं होती, ताटापलीकडे बसलेला तो होता, मीठ मागणारा, पाव पुढे सरकवणारा, मध्येच गप्प होणारा... आता ती सगळी तिला पहिल्यापासून, एकेक करून, पुन्हा बघावी लागणार होती.