शशीकाकांचा सिद्ध ग्राउंडहॉग

दोन फेब्रुवारीला साउथहॅम्प्टनला पद्माकरांच्या लाउंजमध्ये अकरा सुशिक्षित माणसं बूट काढून, हात जोडून टीव्हीपुढे बसली होती. टीव्हीवर अमेरिकेतल्या कुणाच्या तरी परसातलं बीळ होतं. बिळातून घुशीसारखा गुबगुबीत ग्राउंडहॉग बाहेर आला, त्यानं अंग खाजवलं आणि तो आत गेला.

"सावली पडली नाही!" पद्माकर ओरडले. "थंडी संपली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सावली पडली तर आणखी सहा आठवडे थंडी, नाही तर वसंत आला, असा तिकडचा समज. ब्रॅकनेलचे शशीकाका दरवर्षी आपल्या भाच्याच्या परसातलं हे दर्शन निवडक भक्तांना व्हॉट्सअ‍ॅपवर धाडत. "बातम्यांतला ग्राउंडहॉग सरकारी, माझा सिद्ध!" असं ते सांगत. फॉरवर्ड केलं तर फळ जातं, ही ताकीद वर. गेली तीन वर्षं भाकीत खरं ठरलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला!

पद्माकरांनी लगेच हीटिंग बंद केलं. त्यांची फुप्फुसं अठ्ठ्याहत्तर वर्षांची आणि आधीच अधू. डॉक्टर सून आश्लेषा ड्यूटीवरून आली, तेव्हा ते खोकत होते आणि ओठ निळसर पडले होते.

"बाबा, बाहेर दोन डिग्री आहे. चेस्ट इन्फेक्शन झालं तर ॲडमिट व्हावं लागेल तुम्हाला."

"तुमचं फोरकास्ट रोज बदलतं. हा तीनदा बोलला, तीनदा खरा ठरला."

आश्लेषानं हीटिंग लावावं आणि त्यांनी उठून बंद करावं, असं चार दिवस चाललं. तिला राग येत होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

शनिवारी पद्माकरांची धाकटी बहीण सुप्रभा इल्फर्डहून आली. तिला त्यांनी कौतुकानं तीन वर्षांपूर्वीचा, पहिला व्हिडिओ दाखवला.

"अरे दादा, हा तर माझा उंदीर!"

तिनं आपला फोन शेजारी धरला. तेच बीळ, तीच लाल बादली, मेसेजची तारीखही तीच. पद्माकरांच्या फोनवर सावली नव्हती, सुप्रभाच्या फोनवर ती चांगली ठळक होती.

"मला थंडी सांगितली होती. दहा दिवसांत लोक आइस्क्रीम खात होते. नंतर काकांचा मेसेजच बंद झाला."

आश्लेषानं लेस्टरच्या समरला, नवऱ्याच्या मित्राला, फोन लावला. तोही जुना भक्त. त्याचं दुसऱ्या वर्षी चुकलं होतं, आणि तिसऱ्या वर्षी मेसेज आला नव्हता.

"बाबा, सिद्धी एवढीच," ती म्हणाली. "एक व्हिडिओ उन्हातला, एक ढगातला. अर्ध्यांना हा पाठवायचा, अर्ध्यांना तो. ज्यांचं चुकलं त्यांना यादीतून काढायचं. जे उरतात त्यांना काका त्रिकालज्ञानी वाटतात!"

पद्माकरांनी दोन्ही व्हिडिओ पुन्हा लावून पाहिले.

"सुप्रभा, तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"लाज वाटली रे."

घोडं पेंड खात होतं ते इथंच. पद्माकरांनी उठून हीटिंग लावलं आणि त्या दिवशी जमलेल्या सगळ्यांना एकेक करून फोन केला. "मी फसलो. तुम्हीही फसलात. हीटिंग लावा, आणि हे चारचौघांत सांगा."

वाचकहो, चमत्काराची शहानिशा करायची असेल तर यादीत उरलेल्यांना विचारू नका, गाळलेल्यांना शोधून विचारा. ते लाजून गप्प बसतील तोवर प्रत्येक घूस सिद्धच राहणार.