दगडकाम बाकी आहे

आजार आता ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय, फार तर दोन महिने, घरी न्या, त्रास होऊ देऊ नका, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. हडपसरच्या घरी आल्यावर ललिता खाटेवर टेकली, खिडकीतून मोकळ्या अंगणाकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तेवढी तुमची भट्टी बांधा आता. तिच्यातला पहिला पाव खाल्ल्याशिवाय मी काही मरत नाही."

बोलायचं म्हणून बोलून गेली ती. पण कचरूनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

खरं तर हा माणूस असल्या गोष्टी मानणारा नव्हे. कुणाच्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधलेली दिसली की तोंडावर विचारायचा, "का हो, पेट्रोलवर चालत नाही वाटतं?" आणि गंमत अशी की त्याचं स्वतःचं नावच मरणाला फसवायला ठेवलेलं. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीनं याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि कचरू म्हटलं. टाकाऊ पोराकडे मरण ढुंकूनही बघणार नाही म्हणून. घर बौद्ध झालं होतं, घरातले देव गेले होते, तरी एवढ्या बाबतीत म्हातारीचं कुणी मोडलं नाही. कचरू या गोष्टीला जन्मभर हसत आला. आता मात्र त्याला वाटायला लागलं, एकदा फसलेलं मरण दुसऱ्यांदाही फसेल.

कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीपुढे त्याची उमर गेली. घरी रोज पाव यायचा, पण कालचा. ताजा गिऱ्हाइकाला आणि उरलेला कामगाराला, ही तिथली रीत. "गरम पाव हाताला चटका देतो म्हणे," ललिता म्हणायची. "आमचा मेला चहात बुडवल्याशिवाय मऊ होत नाही." अंगणात तुझ्यासाठी भट्टी बांधीन, असं तो लग्न झाल्यापासून सांगत होता. सांगायला कुठे कष्ट पडतात!

या वेळी मात्र बांधली, आणि झपाट्यानं बांधली. काळ्या दगडाचा ओटा, त्यावर ओल्या वाळूचा ढीग, ढिगावर मातीच्या गाऱ्यात विटांचा घुमट. घुमट पक्का झाल्यावर त्यानं भट्टीच्या तोंडातून हात घालून वाळू उपसली, रोज थोडा थोडा जाळ करून आतली ओल काढली. खिडकीतून ललिता बघत असायची. भट्टी खणखणीत वाळली.

आणि तिथे कचरूचा हात थांबला. पाव निघाला, तिनं खाल्ला, मग पुढे काय? तिचा शब्द पहिल्या पावापुरताच होता.

"नुसत्या विटा बऱ्या दिसत नाहीत," तो मुलाला म्हणाला. "बाहेरून दगड लावायचा."

लोणी काळभोरला कुणाची तरी जुनी भिंत पडत होती, तिथून टेम्पोभर दगड आले. कचरू छिन्नी-हातोडी घेऊन बसला. एकेक दगड घडवायचा, बसवायचा, ओळंबा लावायचा, मान हलवायचा आणि काढून टाकायचा. दिवसभरात लागलेले दगड संध्याकाळी पुन्हा जमिनीवर. एवढी निगुती त्यानं स्वतःच्या घराच्या भिंतींनाही दाखवली नव्हती.

संजय खराडीच्या ऑफिसातून आला की चिडायचा. "बाबा, ओव्हन कधीचा रेडी आहे. हे डेकोरेशन कशाला? आईला पाव द्या ना."

"तू तुझा कॉम्प्युटर सांभाळ. दगडकाम बाकी आहे."

डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटून गेली. ललिताच्या हातांची पार काडी झाली, पण ती होती. कचरू मनाशी म्हणायचा, टिकली की नाही? आणि बसवलेला दगड पुन्हा उपटायचा. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीलाच तो कारागिरी म्हणत होता.

एका दुपारी संजयची बायको निकिता दुखण्यावरच्या औषधाची बाटली घेऊन अंगणात आली.

"बाबा, तुम्ही तरी सांगा त्यांना. आई हे औषध घेतच नाहीत."

"का?"

"याच्यानं गुंगी येते. म्हणतात, पाव निघाला आणि मी झोपलेली असले तर? यांनी एवढ्या हौसेनं बांधलीय."

"कधीपासून?"

"तुम्ही दगड लावायला घेतले, तेव्हापासून."

कचरू आत गेला. ललिता भिंतीकडे तोंड करून पडली होती, पदराचा बोळा दातांत गच्च धरलेला. चाहूल लागताच तिनं तो काढला, घाम पुसला आणि म्हणाली, "काय हो, झालं का दगडकाम?"

"झालं," तो म्हणाला. अर्धी भट्टी उघडीच होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं बाभळीची लाकडं पेटवली. सवयीनं पीठ मळलं गेलं. जाळ बसल्यावर निखारे ओढून काढले, ओल्या गोणपाटानं आतली फरशी पुसली आणि पाव आत सरकवले. रडू येत होतं, ते धुराच्या नावावर खपलं.

पहिला पाव त्यानं तसाच खाटेपाशी नेला. ललितानं तो दोन्ही हातांत धरला, चटका बसला तरी सोडला नाही. कचरूनं आतला मऊ कण तिच्या जिभेवर ठेवला. ती बराच वेळ चघळत राहिली.

"मीठ विसरलात," ती म्हणाली.

त्यानं तुकडा तोंडात टाकला. खरंच, अळणी! जन्मात कधी झालं नव्हतं. आणि लाज वाटण्याआधी त्याला आनंद झाला.

"मग हा धरायचाच नाही!" तो धडपडत उठला. "मी दुसरं पीठ भिजवतो. संध्याकाळपर्यंत... नाहीतर उद्या सकाळी. तो पहिला."

ललितानं त्याचं मनगट धरलं. तिच्यात एवढी ताकद उरली असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"अहो, बसा. हाच पहिला," ती म्हणाली. "लई दुखतंय हो मला."

निकितानं बाटली उघडून चमच्यात औषध ओतलं. कचरूनं तो चमचा तिच्या हातातून घेतला आणि स्वतः ललिताच्या ओठांना लावला.