तुमची हाय का अजून?

"आठ दिवस नळाचं जरा बघा, मावशी," कस्तुरा बॅगेत साड्या कोंबत म्हणाली. "शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सनं गावाकडं निघतोत. सुनंची पिशवी काढून आणिते."

छबूबाई मेथीची जुडी घेऊन दारात उभ्या होत्या. काळेवाडीतली ही चाळ त्यांचीच. जिथे चाळ आहे तिथे पूर्वी त्यांचं मेथीचं रान होतं. आता मेथी मंडईतून यायची आणि त्यातली एखादी जुडी भाडेकरणीला द्यायची त्यांना अजून सवय होती.

"कसली पिशवी?"

"कसली म्हंजे? गर्भाची. बाईला दुसरी कुठली आसती?"

"भाग्यश्रीची? अगं, ती पोर हाय! काय झालंय काय तिला?"

"अंगावरून जातंय पांढरं. सहा महिने झाले. पाळी आली की लवकर थांबत न्हाई. कंबर धरून बसती. एक लेकरू झालंय, आता कामून ठिवायची ती? काढली की मोकळी. कवा ना कवा काढावीच लागती."

"काढावीच लागती? कुणी सांगितलं?"

कस्तुराला हसू आलं. छबूबाई कधीकधी मुद्दाम वेड पांघरतात असं तिला वाटायचं. "तुमची कवा काढली?"

"माझी? माझी हाय की!"

"हाय?"

"हाय तर! कुठं जाती?"

कस्तुराचा हात बॅगेतच राहिला. "आजून?"

"अगं बया, बासष्टी सरली माझी. चार बाळंतपणं झाली. कधी त्रास झाला न्हाई असं न्हाई, पण काढती कशाला? माझ्या सासूची पण हुती. तिच्यासंगंच सरणावर गेली. पाय अडकतो म्हून घराचा उंबरा उपटून टाकतं का कुणी?"

छबूबाई स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. कस्तुरा हसली नाही. म्हातारी खोटं बोलत नसेल, तर हिला कुणी डॉक्टरला नीट दाखवलंच नसेल, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. तिने मेथी घेतली आणि निवडायला बसली.

कस्तुरा बीडकडची. लग्नानंतरची पंधरा-सोळा वर्षं नवऱ्याबरोबर ऊस तोडण्यात गेली. नवरा गेल्यावर मुलगा रणजीत इकडे टेम्पो चालवायला आला आणि तीही आली. आता ती एका खानावळीत पोळ्या लाटते. तिच्या वस्तीत बाईच्या आयुष्याचा एक क्रम ठरलेला होता. नहाण येतं, लग्न होतं, लेकरं होतात, मग अंगावरून जायला लागतं आणि पिशवी निघते. दुधाचा दात पडावा तसं. तिची निघाली तेव्हा ती पंचविशीची होती. तालुक्याच्या डॉक्टरने सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल. तोडीवर पाळीचे चार दिवस कुणी बसू देत नव्हतं, खाडा झाला की मुकादम ओरडायचा. पिशवी गेल्यावर तो प्रश्नच मिटला. टोळीत बिनपिशवीची बाई कामाला चांगली समजली जायची.

कस्तुरा घाबरली नव्हती, म्हणून पुढे टोळीतल्या बाया तिलाच सोबत न्यायच्या. ऑपरेशनच्या टेबलावर चढेपर्यंत ती हात धरायची. धाकटी बहीण इंद्रायणी बावीस वर्षांची होती आणि टेबलापाशी जाऊन मागे फिरली होती. कस्तुराने तिला दंडाला धरून परत नेलं. "कॅन्सरनं मरायचंय का?" असं तिने विचारलं होतं. इंद्रायणीला तेव्हा एक मुलगी होती. मुलगा पाहिजे म्हणून चार वर्षांनी तिच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली.

संध्याकाळी कंपनीची बस फाट्यावर सोडून गेली आणि भाग्यश्री भिंतीला धरून चाळीत आली. चाकणला ती गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायची, ठेकेदाराकडून. आल्याआल्या तिने तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"दिवसभर पाणी पीत न्हाईस का गं?" छबूबाईंनी विचारलं. त्या ओट्यावर बसल्या होत्या.

"प्यायलं की जावं लागतंय ना, मावशी. लाईन सोडायची तर आपल्या जागी कुणाला तरी उभं करावं लागतंय. परवा लाईन लीडर सगळ्या पोरांसमोर म्हणला, भाग्यश्री, तुझं स्टूल तिकडं टॉयलेटमध्येच टाकून देऊ का?"

"मुडदा बशिवला त्याचा!"

"पोरं हसली. मी पण हसले. काय करणार?" मग सासूकडे न बघता ती म्हणाली, "काढूनच टाका, आत्या. मपली काही ना न्हाई. सुटन तरी एकदाची."

तेवढ्यात इंद्रायणीचा फोन आला. कस्तुराने नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"आक्का, नंबर लावून ठिवलाय. शनिवारी सकाळी उपाशीपोटी आणा म्हणले. सोनोग्राफी करत्याल, लगीच पुढचं."

"बरं," कस्तुरा म्हणाली.

छबूबाई उठल्या. "गावाला शुक्रवारी जायचंय ना? उद्या गुरुवार हाय. कंपनीला सुट्टी. इथल्या दवाखान्यात एकदा दाखव. माझ्यासाठी दाखव."

"तिथं रांग किती आसती! गेल्या बारीला दुपार झाली न् खिडकी बंद केली. तिकडं एका दिवसात मोकळं करत्यात."

"मोकळं व्हायचीच एवढी काय घाई हाय?"

गुरुवारी सगळ्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी असते, त्यामुळे महापालिकेच्या त्या दवाखान्यात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते. बायकांच्या ओपीडीची रांग जिन्यापर्यंत आली होती. भाग्यश्रीला पायरीवर बसवून कस्तुरा तिच्या जागी उभी राहिली. रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पुढच्या बाईचे केस पिकले होते, म्हणून तिने धीर केला.

"बाई, तुमी कुणीकडच्या?"

"चिपळूणकडची. का?"

"राग येऊ देऊ नका. तुमची पिशवी हाय का अजून?"

"हाय तर! काय विचारतेस गो हे?"

मागे जळगावकडची एक म्हातारी होती. तिचीही होती. तिच्यापलीकडे बिहारची एक जण होती. तिला प्रश्न कळायलाच वेळ लागला, आणि कळल्यावर तिने पदराने तोंड झाकून मान हलवली. है. कस्तुरा जागा सोडून मागेमागे जात राहिली. कुणी हसलं, कुणी अंग चोरलं, एकीने "वेडी का खुळी" म्हटलं. जिन्याच्या वळणावर गुडघे धरून बसलेली एक बाई मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली, "कवाच काढली की, बया. पंधरा वर्षं झाली."

कस्तुरा तिच्याकडे बघत राहिली. "बीडकडची दिसतीस. धारूर का वडवणी?"

"धारूर. तुला कसं कळलं?"

कस्तुरा परत वर आली आणि सुनेजवळ पायरीवर टेकली. "आत्या, जागा जाईल," भाग्यश्री म्हणाली. कस्तुरा उठून पुन्हा रांगेत उभी राहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. पडद्यामागे तपासून त्या हात धुवत बाहेर आल्या. "आतून सूज आहे, इन्फेक्शन आहे. रक्त तर फारच कमी. गोळ्या देते. नवऱ्यालाही घ्याव्या लागतील."

"त्याला कामून?" कस्तुरा म्हणाली. "त्याला काय पिशवी हाय?"

"त्याच्याकडून पुन्हा हिला होतं म्हणून. दोघांनी घ्यायच्या. पाणी प्यायचं, लघवी दाबून धरायची नाही. एक नमुना तपासायला घेतलाय, पुढच्या गुरुवारी दाखवायला या."

"न् पिशवी?"

"पिशवीचं काय?"

"काढायची न्हाई?"

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तेविसाव्या वर्षी? कशासाठी?"

"कॅन्सर होतो ना."

"याने नाही होत. कोण म्हणालं?"

"आमच्याकडं सगळेच म्हणत्यात. मपली काढली ना."

"किती वर्षांच्या होतात?"

"पंचवीस."

"काय त्रास होता?"

"हेच की," कस्तुरा सुनेकडे बोट करून म्हणाली. "हुबेहूब हेच."

"आधी गोळ्या दिल्या होत्या?"

"न्हाई. सोनोग्राफी केली न् दुसऱ्या दिवशी काढली."

"अंडाशयं ठेवली की तीही काढली?"

"काय काय काढलं ते मला काय ठाव? मालकाला टोपल्यात दाखिवलं व्हतं. मालक म्हणले, एवढंसंच व्हतं."

बाहेरून शिपाईबाई ओरडली, "मॅडम, रांग जिन्याखाली गेली!" डॉक्टरीणबाईंनी तिला हाताने थांबवलं. हाडं दुखतात का, अंगातून वाफा निघतात का, कधीपासून, असं त्यांनी विचारलं. कस्तुराने सगळ्याला होकार दिला. तोडीच्या वेळचा ऊस अंगात राहिलाय असं ती इतकी वर्षं म्हणत आली होती. कॅल्शियम लिहून देते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग पुढचं नाव पुकारलं गेलं.

घरी आल्यावर कस्तुराने बॅग उघडली आणि साड्या एकेक करून दोरीवर टाकल्या. धुतलेल्याच होत्या, तरी टाकल्या. छबूबाई येऊन बघून गेल्या.

"आत्या, मग उद्या जायचं न्हाई का?" भाग्यश्रीने विचारलं. आवाजात भीती होती की आशा, ते तिचं तिलाही कळत नसावं. "लीडर काय थांबायचा न्हाई बोलायचा."

"बोलू दे. पाणी पी. त्याचं तोंड हाय, आपली पिशवी हाय." एवढं बोलून कस्तुरा थबकली. मग म्हणाली, "तुपली."

फोन वाजला. तिला तो उचलायचा नव्हता. तरी तिने सवयीने स्पीकर लावला.

"आक्का, शनिवारी लवकर यायला लागंल. पुढं गर्दी व्हईल म्हणले."

"येत न्हाईत आमी, इंद्रे."

"कामून? गाडी न्हाई भेटली?"

"डाक्टरीण म्हणली, काढायची गरज न्हाई."

"मंग?"

"गोळ्यांनी बरं व्हतंय म्हणली."

पलीकडे दुरून कुणीतरी शेळ्यांना हाकारत होतं.

"गोळ्यांनी?" इंद्रायणी म्हणाली.

"व्हय."

"भाग्यश्रीला माझ्यासारखंच व्हतं ना, आक्का? तूच म्हणली व्हतीस, हुबेहूब इंद्रीसारखं."

जेवलीस का, असं कस्तुराने विचारलं. इंद्रायणीने ते ऐकलंच नाही.

"आक्का, त्या गोळीचं नाव काय हाय?"

"तुला काय करायचंय आता नाव?"

"सांग की."

कस्तुराला वाचता येत नव्हतं. तिने गोळ्यांचं पाकीट सुनेपुढे धरलं. भाग्यश्रीने ते खिडकीच्या उजेडात नेलं आणि एकेक अक्षर लावत ते लांबलचक इंग्रजी नाव मोठ्याने वाचलं. पलीकडून इंद्रायणी तिच्यामागून ते म्हणू लागली. अर्ध्यात चुकली.

"परत सांग गं, पोरी. सावकाश."

भाग्यश्रीने परत सुरुवातीपासून वाचलं.